बोट हलण्याआधीचे मिलिसेकंद: टीएमएस वापरून ऐच्छिक हालचालींचा अभ्यास कसा करावा

टीएमएसचा पहिला पल्स मी माझ्याच डोक्यावर घेतला होता. कॉइलमधून 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि उशीवर निवांत पडलेल्या उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याच्या बाजूला उडाली. मी ती हलवली नव्हती. बोट माझं, स्नायू माझा, झटका आला तोही माझ्याच मेंदूतून, पण 'हलवावं' असं मला वाटलंच नव्हतं. या पद्धतीची सगळी ताकद आणि सगळ्या मर्यादा त्या एका झटक्यात आहेत.

टीएमएस म्हणजे कवटीबाहेरून चुंबकीय पल्स देऊन मेंदू उत्तेजित करणं. तांब्याच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह सोडला की दीड ते दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि एका मिलिसेकंदाच्या आत नाहीसं होतं. हाड त्याला अडवत नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या वरच्या थरात विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरेडेचा नियमच तो. १९८० साली मर्टन आणि मॉर्टन यांनी टाळूवरून थेट विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला होता, पण ते फार दुखायचं. १९८५ मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम चुंबकाने केलं आणि निरोगी, जाग्या माणसावर असे प्रयोग करणं सुसह्य झालं.

हा लेख पहिल्यांदा असा प्रयोग उभा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रशिक्षित माणूस शेजारी असल्याशिवाय आणि नैतिकता समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय यातलं काहीही करू नका.

पहिली पायरी: प्रश्न नीट धरा

बहुतेक प्रयोग इथेच फसतात. मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे स्नायूंना आज्ञा पाठवणाऱ्या मेंदूच्या वरच्या थरातल्या पट्ट्यावर, पल्स दिल्याने बोट उडतं ती ऐच्छिक हालचाल नव्हे. २००९ साली देमुर्जे, सिरिगु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची शस्त्रक्रिया चालू असलेल्या जाग्या रुग्णांमध्ये दाखवलं की पार्श्व भागात, म्हणजे परायटल कॉर्टेक्समध्ये, उत्तेजन दिलं तर माणसाला हलवण्याची तीव्र इच्छा होते. उत्तेजन वाढवलं तर 'मी हललो' असंही वाटतं, स्नायू मात्र शांतच असतो. उलट मोटर कॉर्टेक्सच्या लगेच पुढच्या प्रीमोटर भागात उत्तेजन दिलं तर अवयव खरोखर हलतो आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. इच्छा आणि हालचाल या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या करता येतात, हे इतकं उघडं क्वचितच दिसलं असेल.

मग मोटर कॉर्टेक्सच्या झटक्याचा उपयोग काय? तो झटका म्हणजे रस्ता किती मोकळा आहे हे बघायला सोडलेली गाडी समजा. पल्स तोच, जागा तीच, पण माणूस हालचालीची वाट बघत असेल, ती करण्याच्या बेतात असेल किंवा ती रोखत असेल, तर स्नायूकडून येणारं उत्तर दर वेळी वेगळं येतं. म्हणून 'मेंदूचा कुठला भाग हालचाल करतो' हा टीएमएसने विचारायचा पहिला प्रश्न नव्हे. 'या अमुक मिलिसेकंदाला, या अमुक स्नायूकडे जाणारा मार्ग किती तयार आहे' हा प्रश्न विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या 'अमुक मिलिसेकंदा'च्या रक्षणासाठीच आहेत.

दुसरी पायरी: चाळणी आणि संमती

प्रत्येक सहभागीकडून लेखी प्रश्नावली भरून घ्या. डोक्यात धातूचा तुकडा किंवा क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर किंवा शरीरातलं दुसरं विद्युत उपकरण, स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला फिट्स, डोक्याला गंभीर दुखापत, गर्भारपण, फिट्सची शक्यता वाढवणारी औषधं, आदल्या रात्रीचं जागरण, हे सगळं विचारा. एकेकट्या पल्सने निरोगी माणसाला फिट येणं अत्यंत दुर्मीळ आहे. घेरी येणं त्या मानाने जास्त घडतं, विशेषतः पहिल्यांदा आलेल्या, घाबरलेल्या, उपाशी माणसाला. म्हणून पहिला पल्स डोक्यावर देऊ नका. सहभागीच्या दंडाजवळ कॉइल धरून एक सौम्य पल्स द्या, आवाज ऐकवा, मग विचारा, "पुढे जायचं?"

कानात बोळे दोघांनीही घालायचे, प्रयोग करणाऱ्यानेही. कॉइलचा आवाज क्षणाचा असला तरी कानाला इजा करण्याइतका तीव्र असतो.

तिसरी पायरी: स्नायू निवडा, इलेक्ट्रोड लावा

सुरुवात हाताच्या छोट्या स्नायूपासून करा. माझी शिफारस तर्जनी अंगठ्याकडे नेणाऱ्या स्नायूची, ज्याला सगळे एफडीआय म्हणतात. मेंदूत हाताला मोठी जागा आहे, तिथून थेट आणि दाट तंतू उतरतात, थ्रेशोल्ड, म्हणजे उत्तर मिळवायला लागणारी किमान ताकद, कमी असते. पायाच्या स्नायूंची जागा मेंदूच्या मधल्या फटीत खोल असते, तिथे साधी कॉइल नीट पोचत नाही.

स्नायू शोधायची सोपी युक्ती आहे. सहभागीला तर्जनी तुमच्या बोटाविरुद्ध अंगठ्याच्या दिशेने दाबायला सांगा. हाताच्या पाठीवर अंगठा आणि तर्जनीच्या मधे एक टणक उंचवटा येतो. एक इलेक्ट्रोड त्या उंचवट्यावर, दुसरा तर्जनीच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर, आणि ग्राउंड मनगटाच्या करंगळीकडच्या हाडावर. त्याआधी त्वचा अल्कोहोलने पुसा आणि खरखरीत जेलने हलकी घासा, रोध ५ किलोओहमच्या खाली येईपर्यंत. या पाच मिनिटांत आळस केला तर पुढचे दोन तास खराब सिग्नलशी झगडण्यात जातात.

ईएमजीचं, म्हणजे स्नायूतल्या विद्युत संकेतांच्या नोंदीचं, सॅम्पलिंग सेकंदाला ५००० नमुने ठेवा. फिल्टर साधारण २० ते १००० हर्ट्झ. विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या गुणगुणीवर नेमकी तेवढीच वारंवारता कापणारा नॉच फिल्टर लावायचा मोह टाळा, कारण पल्सच्या आर्टिफॅक्टनंतर, म्हणजे पल्समुळेच नोंदीत उठणाऱ्या खोट्या उसळीनंतर, तो सिग्नलमध्ये लाटा उमटवतो आणि तुमचं उत्तर नेमकं तिथेच असतं. ग्राउंड तपासा, वायरी एकत्र गुंडाळा, चार्जर काढा. गुणगुण बहुतेक वेळा तेवढ्याने जाते.

चौथी पायरी: हॉटस्पॉट

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप लावून टाळूचा मध्य काढा. तिथून डाव्या बाजूला साधारण ५ सेंटिमीटरवर, किंचित पुढे, उजव्या हाताची जागा असते. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल वापरा, तिचा परिणाम मधल्या बिंदूखाली एकवटतो. मूठ मागे आणि बाहेरच्या बाजूला, मध्यरेषेशी ४५ अंशांवर. असं धरलं की मेंदूतला प्रवाह मागून पुढे, मोटर कॉर्टेक्सच्या घडीला साधारण आडवा जातो आणि कमीत कमी ताकदीत उत्तर मिळतं. कॉइल टाळूला स्पर्शिकेसारखी टेकलेली हवी. एक कडा उचलली गेली तरी उत्तर निम्म्यावर येतं.

आता मशीनच्या क्षमतेच्या ४५ टक्क्यांपासून सुरुवात करा. उत्तर नसेल तर ५-५ टक्क्यांनी वाढवा. स्क्रीनवर पल्सच्या आर्टिफॅक्टनंतर सपाट रेषा, आणि २० ते २३ मिलिसेकंदांवर एक स्वच्छ वर-खाली होणारी लाट दिसली की ती तुमची एमईपी, म्हणजे मेंदूतल्या पल्सला स्नायूने दिलेलं विद्युत उत्तर. मग कॉइल एकेक सेंटिमीटर पुढे, मागे, आत, बाहेर सरकवा. प्रत्येक जागी चार-पाच पल्स, दोन पल्समध्ये किमान ५ सेकंद. सर्वांत मोठी आणि सर्वांत स्थिर एमईपी देणारी जागा हा हॉटस्पॉट. टोपीवर पेनने जागा आणि कॉइलचा कोन दोन्ही आखा. न्यूरोनेव्हिगेशन, म्हणजे डोक्याच्या तुलनेत कॉइल कुठे आहे हे सतत दाखवणारी यंत्रणा, असेल तर उत्तमच. तास-दीड तासात हात थकतो आणि कॉइल नकळत घसरते, ते त्यात लगेच कळतं.

पाचवी पायरी: थ्रेशोल्ड

प्रत्येकाची कवटी, मेंदूची घडी, टाळू ते कॉर्टेक्स हे अंतर वेगळं. म्हणून ताकद मशीनच्या आकड्यात ठरवत नाहीत, त्या माणसाच्या थ्रेशोल्डच्या टक्क्यांत ठरवतात. विश्रांतीचा थ्रेशोल्ड म्हणजे १० पल्सपैकी निदान ५ वेळा ५० मायक्रोव्होल्टपेक्षा मोठी एमईपी देणारी किमान ताकद. स्नायू पूर्ण क्षमतेच्या १० टक्क्यांएवढा हलका आवळून मोजला तर तो सक्रिय थ्रेशोल्ड, तिथे निकष साधारण २०० मायक्रोव्होल्टचा. सक्रिय थ्रेशोल्ड नेहमी खाली येतो, कारण मज्जारज्जूतल्या चेतापेशी आधीच उंबरठ्याशी येऊन थांबलेल्या असतात.

इथे घाई करू नये हे मी किंमत मोजून शिकलो. माझ्या पहिल्या प्रयोगात एका गटाच्या एमईपी मोठ्या आल्या आणि मी आनंदात होतो. नंतर पल्सच्या आधीच्या १०० मिलिसेकंदांचा ईएमजी मोठा करून पाहिला, तेव्हा त्या गटातली बरीच मंडळी हात किंचित ताणून बसली होती असं दिसलं. मी मेंदूची तयारी मोजत नव्हतो, अवघडलेले हात मोजत होतो. तो सगळा डेटा बाजूला ठेवावा लागला. तेव्हापासून हाताखाली मऊ उशी, समोर ईएमजीचा जिवंत आलेख आणि हात ताणला गेला की सहभागीला सौम्य आठवण, यात मी कधी तडजोड केलेली नाही.

सहावी पायरी: पल्स वेळेत सोडणं

आता खरं काम. सगळ्यात साधा प्रयोग प्रतिक्रियेचा: पडद्यावर खूण दिसली की तर्जनी अंगठ्याकडे न्यायची. आधी पल्सशिवाय ४० वेळा करून घ्या आणि प्रत्येक वेळी ईएमजी कधी सुरू झाला ते मोजा. खुणेपासून साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास मध्यक येईल. मग खुणेनंतर वेगवेगळ्या वेळी, समजा ५०, ७५, १००, १२५, १५० मिलिसेकंदांवर, क्रम पूर्ण यादृच्छिक ठेवून पल्स द्या. मधूनमधून पल्स नसलेले प्रयत्नही हवेत. प्रत्येक वेळेसाठी २० ते ३० चांगल्या एमईपी मिळायला हव्यात, कारण एमईपी दर पल्सला खूप बदलते आणि चार-पाचांच्या सरासरीला अर्थ नसतो.

पल्सची ताकद विश्रांतीच्या थ्रेशोल्डच्या ११५ ते १२० टक्के ठेवा, म्हणजे उत्तर वाढायलाही जागा राहते आणि कमी व्हायलाही.

काय दिसेल? खुणेनंतर काही काळ एमईपी जवळजवळ तशीच राहते. मग स्नायू प्रत्यक्ष चालू होण्याआधीच्या शेवटच्या १०० मिलिसेकंदांत ती झपाट्याने वाढते. बोट अजून स्तब्ध आहे, ईएमजीची रेषा सपाट आहे, पण आत मार्ग खुला झालेला आहे. हा आलेख पहिल्यांदा स्वतःच्या डेटात उमटताना बघणं हा मला या क्षेत्रातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

प्रयोग थोडा बदला: आधी 'उजवा हात' अशी सूचना द्या आणि एक सेकंदाने 'आता' ही खूण. मधल्या त्या वाट बघण्याच्या काळात एमईपी वाढेल अशी तुमची अपेक्षा असेल. ती बऱ्याचदा कमी होते, आणि ज्या हाताची निवड झाली आहे त्याचीही. तयारी म्हणजे नुसतं ताणत नेणं नव्हे, त्यात आवरून धरणंही असतं. 'थांबा' अशी खूण देणारा प्रयोग केला तर हे आणखी स्पष्ट दिसतं. हाताची हालचाल ऐनवेळी रोखली की ज्याचा कामाशी काही संबंध नाही अशा पायाच्या स्नायूची एमईपीसुद्धा खाली येते. ब्रेक एकाच चाकाला लागत नाही, सगळ्या गाडीला लागतो.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, पल्सचा आवाज आणि टाळूवरची टिचकी हीसुद्धा एक खूणच असते. पल्स खुणेच्या जवळ आला तर माणूस नेहमीपेक्षा लवकर प्रतिक्रिया देतो. दुसरा सापळा उलटा. हालचालीच्या अगदी आधी जोरदार पल्स दिला तर हालचाल लांबते. डे, रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे दाखवलं. हालचाल १५० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा आली, पण आली तेव्हा स्नायूंचा क्रम आणि ठेका जसाच्या तसा होता. आराखडा पुसला गेला नव्हता, तो पाठवणं फक्त लांबलं होतं. तुमच्या प्रयोगासाठी याचा अर्थ असा की पल्स असलेल्या प्रयत्नात मोजलेला प्रतिक्रियेचा वेळ विश्वासार्ह नसतो. पल्स नसलेल्या प्रयत्नांच्या मध्यकावरून हालचाल कधी सुरू झाली असती ते ठरवा आणि तिथून मागे मोजा. आवाजाचा परिणाम वेगळा काढायला टाळूच्या मध्यावर किंवा डोक्यापासून किंचित दूर धरलेल्या कॉइलने तेवढेच पल्स द्या.

सातवी पायरी: आवर कोण घालतं?

एकट्या पल्सने मार्ग किती खुला आहे ते कळतं, तो का खुला आहे ते कळत नाही. त्यासाठी जोडपल्स. १९९३ साली कुजिराई आणि सहकाऱ्यांनी एक सुबक युक्ती मांडली. आधी थ्रेशोल्डच्या खालचा, स्वतः काहीच न हलवणारा पल्स, आणि त्यानंतर २ ते ३ मिलिसेकंदांनी नेहमीचा पल्स. दुसऱ्याचं उत्तर खूप लहान होतं. पहिला पल्स इतका हलका असतो की तो मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही, त्यामुळे हा आवर कॉर्टेक्समधलाच. लोराझेपामसारख्या, गाबा या मेंदूला आवर घालणाऱ्या रसायनाच्या गाबा-ए ग्राहकांवर (रिसेप्टरवर) काम करणाऱ्या औषधाने तो वाढतो, यावरून त्यामागची रासायनिक यंत्रणाही कळते. अंतर १० ते १५ मिलिसेकंद केलं तर उलट उत्तर मोठं होतं.

पहिला पल्स सक्रिय थ्रेशोल्डच्या ८० टक्क्यांवर ठेवा, दुसरा एकटा दिल्यावर साधारण १ मिलिव्होल्ट देईल असा. हालचालीच्या तयारीत हा आवर हलणाऱ्या स्नायूपुरता ढिला पडतो. पण तयारीत एमईपी आपोआपच वाढलेली असते, म्हणून तिथे दुसऱ्या पल्सची ताकद कमी करून उत्तर पुन्हा १ मिलिव्होल्टवर आणा. नाहीतर तुलना वेगवेगळ्या आकारांची होते.

आणखी एक सोपं माप आहे. सहभागीला स्नायू हलका आवळून ठेवायला सांगा आणि पल्स द्या. एमईपीनंतर ईएमजी अचानक गप्प होतो, १०० ते २०० मिलिसेकंद किंवा जास्तच. माणूस जोर लावतोच आहे आणि स्नायू ऐकत नाही. पहिल्या सुमारे ५० मिलिसेकंदांच्या शांततेत मज्जारज्जूचा वाटा असतो, उरलेली मुख्यतः कॉर्टेक्सची.

आठवी पायरी: मेंदू की मज्जारज्जू?

एमईपी ही साखळीच्या शेवटी ऐकू येणारी हाक आहे. कॉर्टेक्स, खाली उतरणारे तंतू, मज्जारज्जूतल्या पेशी, हातातली नस, स्नायू, यात कुठेही बदल झाला तरी ती बदलते. 'एमईपी वाढली, म्हणजे मोटर कॉर्टेक्सची उत्तेजकता वाढली' असं एका वाक्यात लिहू नका. मनगटाशी नसेला विजेचं पूर्ण ताकदीचं उत्तेजन देऊन स्नायूचं कमाल उत्तर (एम लाट) मोजा आणि एमईपी त्याच्या टक्क्यांत मांडा. शक्य असेल तर एच-रिफ्लेक्स किंवा एफ-वेव्ह (नसेला उत्तेजन दिल्यावर मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतलेली, स्नायूत उशिरा दिसणारी उत्तरं) घेऊन मज्जारज्जूची बाजू तपासा. एफ-वेव्हवरून मध्यवर्ती वहनाचा, म्हणजे मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या प्रवासाचा, वेळही निघतो: एफ आणि एम लाटांच्या वेळा मिळवा, त्यातून १ मिलिसेकंद वजा करा, निम्मे करा आणि ते एमईपीच्या वेळेतून काढा. हाताच्या स्नायूंसाठी उत्तर साधारण ६ ते ८ मिलिसेकंद येतं.

सलग पल्सच्या मालिका देऊन एखादा भाग काही मिनिटं मंद किंवा तेज करण्याच्या पद्धतीही आहेत. थीटा बर्स्टमध्ये ५० हर्ट्झचे तीन-तीन पल्स दर २०० मिलिसेकंदांनी, एकूण ६०० दिले जातात. सलग दिले तर उत्तेजकता कमी आणि थांबत-थांबत दिले तर जास्त व्हावी, असं हुआंग आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या कामातून पुढे आलं. पण माणसामाणसांत उत्तर इतकं वेगळं येतं की नवशिक्याने पहिला प्रयोग यावर बांधू नये असं माझं ठाम मत आहे. शिवाय फिट्सचा धोका इथे एकेकट्या पल्सपेक्षा जास्त असतो.

नववी पायरी: डेटा

विश्लेषणाचे नियम पहिल्या सहभागीच्या आधी लिहून ठेवा: पल्सआधी किती ईएमजी असेल तर प्रयत्न वगळायचा, एमईपी कुठल्या खिडकीत मोजायची, अपेक्षित वेळेआधी हललेल्यांचं काय करायचं. आकार शिखरापासून शिखरापर्यंत मोजतात. एमईपींचं वितरण एका बाजूला लांब शेपटीचं असतं, म्हणून लॉग घेऊन विश्लेषण करा आणि सगळे प्रयत्न मिश्र मॉडेलमध्ये, म्हणजे सहभागींमधला फरकही हिशोबात घेणाऱ्या सांख्यिकी मॉडेलमध्ये, घाला. केवळ सरासऱ्यांवर थांबू नका. मोजणाऱ्याला कुठला प्रयत्न कुठल्या अटीतला हे माहीत नसावं.

अहवालात कॉइलचा प्रकार आणि आकार, पल्सचं रूप, मेंदूतल्या प्रवाहाची दिशा, थ्रेशोल्ड काढण्याची रीत, दोन पल्समधलं अंतर, सहभागीचे डोळे उघडे होते की मिटलेले, स्नायू सैल होता की आवळलेला, आणि प्रत्येक अटीत किती प्रयत्न वगळले, हे सगळं द्या. वगळलेल्यांची संख्या एका अटीत इतरांपेक्षा बरीच जास्त असेल तर निकाल लिहिण्याआधी त्या प्रयत्नांचे कच्चे आलेख एकेक करून उघडून बघा.